कवितेसाठी धर्मादाय प्रकाशनसंस्था: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मराठीत निघणाऱ्या कवितासंग्रहांपैकी पुष्कळांचा खर्च कवीने स्वतःच उचललेला असतो, हे या क्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कवी पैसे भरतो, प्रकाशक आपले नाव देतो, तीनशे-पाचशे प्रती छापल्या जातात, त्यांतल्या निम्म्या कवीच्या घरी पलंगाखाली जाऊन पडतात आणि उरलेल्या प्रकाशन समारंभात आणि नंतरच्या भेटीगाठींत वाटल्या जातात. ज्या माणसाला तीस-चाळीस हजार रुपये बाजूला काढणे शक्य नसते, त्याची वही मात्र वहीच राहते. धर्मादाय हेतूने कवितेचे प्रकाशन करण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी पहिली खूणगाठ ही बांधावी की कवीकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, उलट त्याला त्याचे मानधन द्यायचे. शाळांना पुस्तके वाटणे, वाचनालयांना मदत करणे, एखाद्या आजारी कलावंताच्या उपचारांसाठी निधी उभारणे हे सगळे चांगलेच आहे, पण ते कवीच्या खिशातून होत असेल तर त्याला दान म्हणता येणार नाही. गेली नऊ वर्षे एका लहान गावातून असे काम करताना जे शिकायला मिळाले, ते इथे क्रमाने मांडतो आहे.

या कामाची गरज किती जुनी आहे, हे बहिणाबाई चौधरींच्या उदाहरणावरून कळते. त्यांना लिहिता येत नव्हते. त्या शेतात आणि घरात काम करताना गाणी रचत, आणि जेवढी त्यांचे पुत्र सोपानदेव व इतर नातलगांनी टिपून ठेवली तेवढीच राहिली, बाकीची गेली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने निघाले. अशा वह्या आणि असे आवाज आजही गावोगावी आहेत. ते शोधणे आणि छापणे हाच अशा संस्थेचा खरा धर्मादाय हेतू असावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी: हेतू एका वाक्यात लिहा

संस्थेची घटना लिहिण्याआधी हेतू एका वाक्यात मांडता येतो का, ते पाहावे. ‘कवितेच्या प्रसारासाठी’ असे लिहिल्याने काहीच ठरत नाही. आमचे वाक्य असे होते: ज्यांना स्वखर्चाने संग्रह काढणे शक्य नाही अशा कवींचे, विशेषतः बोलीभाषांत लिहिणाऱ्यांचे, संग्रह कवीला मानधन देऊन प्रकाशित करणे आणि विकल्या गेलेल्या दर पाच प्रतींमागे एक प्रत ग्रामीण शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयाच्या कपाटात पोहोचवणे. या वाक्यामुळे पुढचे शंभर निर्णय सोपे झाले, कारण कोणाचे पुस्तक घ्यायचे, कोणाला नकार द्यायचा आणि शिल्लक राहिलेले पैसे कुठे जायचे, हे त्यात आधीच आले होते.

अनेक नवे लोक उत्साहाने जाहीर करतात की पुस्तकाचा सगळा नफा अमुक रुग्णालयाला किंवा तमुक आश्रमशाळेला दिला जाईल. अशी घोषणा करू नये. कवितेच्या पुस्तकात नफा उशिरा होतो, थोडा होतो आणि अनेकदा होतच नाही. मग ज्याने त्या घोषणेवर विश्वास ठेवून पुस्तक घेतले त्याला आपण काय दाखवणार? नफ्याऐवजी प्रतींचे वचन द्यावे, कारण प्रती मोजता येतात, त्यांची पोच मिळते आणि ती पोच फाइलमध्ये लावता येते.

दुसरी पायरी: कायदेशीर रूप

महाराष्ट्रात साधारणपणे तीन वाटा आहेत. एक म्हणजे न्यासपत्र (ट्रस्ट डीड) करून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करणे. दुसरी, संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था नोंदवणे, ज्यासाठी किमान सात सदस्य लागतात आणि जिची महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. तिसरी, कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी. लहान प्रकाशनासाठी पहिली वाट पुरेशी आहे, असे मी सुचवीन. कलम ८ च्या कंपनीचे वार्षिक कागद सांभाळण्यातच एका लहान संग्रहाचा खर्च निघून जातो, आणि सात सदस्यांच्या संस्थेत बैठकीला गणपूर्ती होणे हेच एक काम होऊन बसते. न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत नोंदणीचा अर्ज करावा लागतो, आणि पुढे विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, तर नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. हा बदल अर्ज लोक हमखास विसरतात आणि मग काही वर्षांनी बँकेत सह्यांचा घोळ होतो, तेव्हा सगळ्यांची धावपळ उडते.

विश्वस्त निवडताना सगळे कवीच घेऊ नयेत. एक हिशेब समजणारा, एक गावातला शिक्षक किंवा ग्रंथपाल आणि एक कवितेचा जाणता वाचक अशी तीन-चार माणसे असावीत. विश्वस्तांचे किंवा त्यांच्या जवळच्या नातलगांचे पुस्तक ही संस्था कधीही काढणार नाही, असे कलम न्यासपत्रातच घालावे. आम्ही ते घातले म्हणून दोन चांगले कवी विश्वस्त व्हायला तयार झाले नाहीत, आणि तरीही ते कलम घातल्याचे मला समाधान आहे.

पहिले पुस्तक नोंदणीआधीच काढायचे असेल तर ते स्वतःच्या पैशाने किंवा वाचकांच्या आगाऊ नोंदणीवर, म्हणजे सरळ विक्री म्हणून काढावे. नोंदणी होईपर्यंत देणगी मागू नये.

तिसरी पायरी: देणगी आणि आयकर

या पायरीवर घाई करू नये, कारण इथल्या चुका वर्षांनी उघडकीला येतात. संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट मिळावी म्हणून एक नोंदणी आणि देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून दुसरी मान्यता, अशा दोन गोष्टी वेगवेगळ्या घ्याव्या लागतात. लोक त्यांना अजूनही अनुक्रमे १२एबी आणि ८०जी या जुन्या कलमांच्या नावांनीच ओळखतात. १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा अधिनियम लागू होत असल्यामुळे कलमांचे क्रमांक आणि अर्जांचे नमुने सनदी लेखापालाकडून पक्के करून घ्यावेत. नव्या संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते आणि नंतर नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही, म्हणून पावतीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर ‘धनादेश किंवा बँकेतूनच’ असे लिहावे.

सगळ्यांत नाजूक मुद्दा असा आहे की, पुस्तक विकणे हे कायद्याच्या नजरेत धर्मादाय काम आहे की व्यापार? ‘आम्ही शिक्षणाचे काम करतो’ असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कर्नाटकातल्या लोकशिक्षण ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच सांगितले की, करसवलतीच्या संदर्भात शिक्षण म्हणजे पद्धतशीर शालेय स्वरूपाचे अध्यापन, केवळ ज्ञानात भर घालणारे वृत्तपत्र चालवणे नव्हे. त्यामुळे काव्यप्रकाशनाचा हेतू बहुधा ‘सार्वजनिक उपयुक्ततेचा अन्य हेतू’ या सदरात जातो, आणि त्या सदरात व्यापारी स्वरूपाची जमा त्या वर्षाच्या एकूण जमेच्या वीस टक्क्यांहून अधिक झाली, तर त्या वर्षाची सूट धोक्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मधील अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या निकालात असे म्हटले आहे की, खर्चाइतकी किंवा खर्चावर नाममात्र वाढ करून घेतलेली रक्कम ही व्यापार समजली जाणार नाही. म्हणून किंमत ठरवताना प्रत्येक पुस्तकाच्या खर्चाचा कागद जपून ठेवावा, विक्रीचे खाते देणग्यांपासून वेगळे ठेवावे आणि आपल्या बाबतीत काय लागू होते ते पहिल्या वर्षीच लेखापालाकडून लिहून घ्यावे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण छपाईच्या कामावर तो लागतो आणि तो आपल्याला परत मिळत नाही. तो खर्चातच धरावा.

परदेशातल्या मराठी मंडळींचा जिव्हाळा मोठा असतो आणि एखादा कार्यक्रम झाला की ते तिथल्या तिथे पैसे पाठवायला तयार होतात. इथे थांबावे. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी परकीय योगदान नियमन अधिनियम २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय स्वीकारता येत नाही, मग तो माणूस आपला सख्खा मावसभाऊ का असेना. ज्याच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी मात्र चालते; म्हणून पारपत्राची प्रत मागून घ्यावी आणि मागताना संकोच करू नये. बाकीच्यांना पुस्तके विकत घ्यायला सांगावे.

चौथी पायरी: निवड आणि करार

हस्तलिखिते वर्षातून एकदाच, ठरलेल्या दोन महिन्यांत मागवावीत. बारमाही मागवली तर कोणालाच वेळेवर उत्तर देता येत नाही, आणि उत्तर न देणे हा कवीचा अपमान आहे. कवीचे नाव झाकून दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे, मग एकत्र बसून मोठ्याने वाचावे. पोस्टाने आलेल्या वह्यांचे काय करायचे ते आधीच ठरवावे, कारण ज्यांच्यासाठी आपण हे काम करतो त्यांच्यापैकी अनेकांकडे टंकलेखनाची सोय नसते. आम्ही वही जशी येईल तशी घेतो, तिची छायाप्रत काढतो आणि मूळ वही आठवड्याच्या आत परत पाठवतो.

मौखिक रचनांचे पुस्तक असेल तर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव प्रत्येक रचनेखाली छापावे आणि मानधन तिला द्यावे, संकलकाला नंतर. ग्रामीण महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करण्याचे जे काम पुण्यातून गी पॉत्वाँ आणि हेमा राइरकर या संशोधकांनी केले, त्यात गाणाऱ्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. ‘लोकगीत आहे, त्याला कुठे मालक असतो’ असे म्हणणाऱ्याला हे उदाहरण दाखवावे.

करार लेखी असावा, दोन पानांचा असावा आणि सही घेण्याआधी तो कवीला मोठ्याने वाचून दाखवावा. कॉपीराइट अधिनियम १९५७ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. कलम १९ मधल्या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता करार समजला जातो, आणि वेगळे काही ठरले नसेल तर मिळालेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरला नाही की तो संपतो. आमच्या करारात फक्त मराठी छापील आवृत्तीचा हक्क पाच वर्षांसाठी असतो. अनुवाद, गायन, ध्वनिमुद्रण, अभ्यासक्रम यांचे सगळे हक्क कवीकडेच राहतात. रॉयल्टी छापील किमतीच्या दहा टक्के, आणि त्यातली पहिल्या शंभर प्रतींची रक्कम पुस्तक छापून आल्याच्या दिवशीच. ही रक्कम लहान असते, पण शेतमजुरी करणाऱ्या एका कवयित्रीने तो धनादेश दोन्ही हातांत धरून त्यावरचे स्वतःचे नाव कितीतरी वेळ बोट फिरवून वाचले होते, आणि तेव्हापासून आम्ही हा नियम कधी मोडला नाही.

जुन्या, दिवंगत कवीचे पुनर्मुद्रण करायचे असेल तर हक्काची मुदत नीट मोजावी. साधारण नियम कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा आहे आणि ती वर्षे पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. पण लेखन मृत्यूनंतर पहिल्यांदा छापले गेले असेल तर साठ वर्षे त्या प्रकाशनापासून धरतात. म्हणजे १९५२ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या बहिणाबाईंच्या गाण्यांची मुदत २०१२ च्या अखेरीस संपली. मात्र त्या पुस्तकाला अत्र्यांची प्रस्तावना आहे, आणि अत्रे १९६९ मध्ये गेले असल्यामुळे त्या प्रस्तावनेवरचा हक्क २०२९ च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. कविता मोकळ्या आणि प्रस्तावना बांधलेली, असे अनेक जुन्या पुस्तकांत असते.

पाचवी पायरी: अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, कागद

पैसा कमी असलेल्या प्रकाशनाने ज्या एका गोष्टीत काटकसर करू नये ती ही. कवितेत ओळ कुठे तुटते, कडव्यांमध्ये किती जागा आहे, पान कुठे उलटते, यात अर्थ असतो. डेमी आकाराचे, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांचे पान घेतले तर समास सोडून सुमारे चार इंच रुंदी हाती उरते. लांब ओळी लिहिणाऱ्या कवीच्या ओळी त्यात मावत नाहीत, आणि अक्षरजुळणी करणारा त्या आपल्या सोयीने मोडतो. मोडलेल्या ओळीचा उरलेला भाग थोडा आत सरकवून घ्यावा, म्हणजे ती नवी ओळ नाही हे वाचकाला कळते. फारच ओळी मोडत असतील तर पुस्तकाचा आकार बदलावा, कवीला ओळ बदलायला सांगू नये. कडवे पानाच्या तळाशी अर्धे तुटू देऊ नये. एक कविता संपल्यावर उरलेले पान कोरे राहिले तर राहू द्यावे.

टंक (फॉन्ट) निवडताना तो मराठीसाठी तयार केलेला आहे ना, हे पाहावे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या आदेशात देठाचा श आणि पाकळीचा ल ही मराठीची रूपे सांगितली आहेत. अनेक टंकांत ती रूपे असतात, पण संगणकावर भाषेची निवड हिंदीची राहिल्यामुळे छपाईत हिंदी वळण उतरते. मोफत आणि खुल्या परवान्याचे चांगले टंक आज मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक तयार करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ आणि खास मराठी वळणाचा ‘तिरो देवनागरी मराठी’ हे दोन्ही वापरून पाहावेत. कवितेसाठी मला दुसरा अधिक भावतो, कारण त्याची रेघ कमीजास्त जाड होत जाते आणि लहान आकारातही डोळा थकत नाही.

आमच्या पहिल्याच पुस्तकात जी चूक झाली ती सांगणे इथे उपयोगाचे आहे. संग्रह वऱ्हाडी बोलीतला होता. जुळणी जुन्या, युनिकोडपूर्व टंकात झाली होती आणि ती शेवटच्या आठवड्यात युनिकोडमध्ये बदलली गेली. आम्ही पडद्यावर पाने चाळली, समाधान मानले आणि छपाईला होकार दिला. पुस्तक आले तेव्हा ‘कुऱ्हाड’चे ‘कु-हाड’ झाले होते, ‘वाऱ्यावर’ हा शब्द चार ठिकाणी फुटला होता, आणि मलपृष्ठावर खुद्द बोलीचेच नाव ‘व-हाडी’ असे छापले गेले होते. कवीने पुस्तक हातात घेतले, मलपृष्ठ पाहिले आणि काही न बोलता ते पुन्हा टेबलावर ठेवले. बिघडलेले दोन फॉर्म (एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा-सोळा पानांचे गट) आणि मुखपृष्ठ पुन्हा छापून सगळ्या प्रती नव्याने बांधाव्या लागल्या. चूक पूर्णपणे आमची होती. तेव्हापासून नियम असा आहे की, मुद्रकाकडे जाणारी जी शेवटची फाइल, तिचीच कागदावर छापलेली प्रत दोघांनी वाचायची. एकाने मूळ वहीतून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने प्रुफावर पट्टी सरकवत ऱ्ह, ऱ्य, क्ष, ज्ञ, अनुस्वार आणि प्रत्येक ओळीचा शेवट तपासायचा, आणि कवीची पानापानावर सही घ्यायची. बोलीतले शब्द प्रमाण मराठीत ‘सुधारण्याचा’ मोह मुद्रितशोधकाला होतो. त्याला आधीच सांगून ठेवावे की शंका असेल तिथे खूण करावी, दुरुस्ती करू नये.

कागद ऐंशी जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ऐंशी ग्रॅम वजनाचा, किंचित पिवळसर छटेचा घ्यावा. अगदी पांढऱ्या कागदावर कवितेतली मोकळी जागा डोळ्यांना बोचते. सोळा पानांचा एक फॉर्म धरून सहा फॉर्म म्हणजे शहाण्णव पाने होतात आणि एका संग्रहाला ती पुरतात. पाने फॉर्मच्या पटीतच ठेवावीत, नाहीतर कागद वाया जातो. शाळेत जाणाऱ्या प्रती अनेक हातांतून जाणार असल्याने नुसत्या डिंकाच्या बांधणीवर अवलंबून राहू नये. शिलाई करून घ्यावी, तिला प्रतीमागे थोडे पैसे जास्त पडतात आणि पुस्तक काही वर्षे अधिक टिकते. तीनशेच्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाई, त्याहून जास्त असतील तर ऑफसेट, असा ढोबळ आडाखा आहे, पण दोन्हींचे दरपत्रक दर वेळी मागवावेच.

सहावी पायरी: एका पुस्तकाचा हिशेब

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावच्या दरांप्रमाणे ते बदलतील, पण मांडणी हीच ठेवावी. समजा पाचशे प्रतींना जुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, शिलाई आणि कर धरून ५०,००० रुपये लागले, म्हणजे प्रतीमागे शंभर रुपये. किंमत २५० रुपये ठेवली. पाचशेपैकी पन्नास प्रती कवीला, कायद्याने द्यायच्या ग्रंथालयांना आणि परीक्षणांसाठी जातील. उरलेल्या साडेचारशेपैकी ३७५ विक्रीला आणि पाचास एक या वचनाप्रमाणे ७५ भेट. विक्रीतल्या १५० प्रती थेट वाचकाने घेतल्या तर ३७,५०० रुपये मिळतील. २२५ प्रती दुकानांतून गेल्या आणि दुकानदाराचे चाळीस टक्के वजा केले तर ३३,७५० रुपये. एकूण ७१,२५०. त्यातून कवीची रॉयल्टी ९,३७५ आणि छपाईचा खर्च ५०,००० वजा केला की ११,८७५ रुपये उरतात, आणि भेटप्रतींच्या टपालाला हजारभर गेले तरी दहा-अकरा हजार हाती राहतात.

हा हिशेब सगळ्या ३७५ प्रती विकल्या गेल्या तरच जुळतो, आणि त्याला दोन-तीन वर्षे लागू शकतात. मुद्रक मात्र दोन महिन्यांत पैसे मागतो, आणि ते त्याचे हक्काचे आहेत. म्हणजे देणगीची गरज तोटा भरून काढण्यापेक्षा मधला काळ निभावून नेण्यासाठी अधिक असते. देणगीदाराला हे असेच सांगावे: तुमचे पन्नास हजार एका पुस्तकात अडकतील, बरेचसे परत येतील आणि दुसऱ्या पुस्तकात जातील. ज्यांना हे पटते ते वर्षानुवर्षे साथ देतात. ग्रंथाली १९७४ च्या अखेरीस सुरू झाली ती वाचक चळवळ म्हणूनच, आणि वाचकालाच कामात भागीदार करण्याचा तिचा विचार लहान प्रकाशनालाही लागू पडतो. आम्ही वर्षाला दोन पुस्तकांची वर्गणी आगाऊ घेतो आणि पहिल्या पुस्तकाचा कागद तिच्यातूनच येतो. कवीच्या पहिल्याच पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचीही चौकशी करावी.

सातवी पायरी: नोंदी आणि पाठवणी

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत, १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे, कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी या चार ठिकाणी स्वखर्चाने एकेक प्रत पाठवावी लागते. अनेक लहान प्रकाशक हे टाळतात. टाळू नये, कारण आपली संस्था बंद पडली तरी त्या कवीचे पुस्तक देशात चार ठिकाणी राहील, याची ती हमी आहे.

टपालासाठी १ मे २०२५ पासून सुरू झालेली ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा पाहावी. सुरुवातीचे दर तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, कर वेगळा, असे होते. पुस्तकावर प्रकाशकाचे किंवा मुद्रकाचे नाव छापलेले असावे लागते आणि पाकीट कुठवर गेले तेही कळते. वर सांगितलेल्या आकाराची एक प्रत साधारण १३५ ग्रॅम भरते, त्यामुळे दोन प्रती वीस रुपयांच्या टप्प्यात बसतात. जून ते सप्टेंबर प्रत्येक गठ्ठा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग जाड कागदात बांधावा.

शाळेला पाच प्रती पाठवताना नुसता गठ्ठा टाकू नये. आधी तिथल्या एका शिक्षकाशी फोनवर बोलावे, पुस्तके कुलूपबंद कपाटात न ठेवता वर्गात ठेवाल का, असे विचारावे आणि पोचेचे पोस्टकार्ड पत्ता लिहून आतच ठेवावे. अकोल्याकडच्या एका शाळेतून आलेल्या अशा कार्डावर पोच तर होतीच, पण खाली एका मुलीने शिसपेन्सिलीने चार ओळी लिहिल्या होत्या. आधी वाटले तिने पुस्तकातल्या ओळी उतरवल्या आहेत. पुस्तक काढून पाहिले तर त्या त्यात नव्हत्या. तिच्या स्वतःच्या होत्या.

वर्षअखेरीची कामे

आर्थिक वर्ष संपल्यावर लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयाला हिशेब, आयकराचे विवरण आणि देणगीदारांची प्रमाणपत्रे ही कामे मुदतीत उरकावीत. त्यांच्या आधी मात्र कवींचा हिशेब करावा. प्रत्येक कवीला एप्रिलमध्ये एक पत्र जाते, त्यात छापलेल्या, विकलेल्या, भेट दिलेल्या आणि शिल्लक प्रतींची संख्या असते, आणि विक्री शून्य असली तरी ते पत्र जातेच.

कराराची पाच वर्षे संपली आणि नवी आवृत्ती काढणे शक्य नसेल, तर हक्क परत करत असल्याचे पत्र सहीशिक्क्यानिशी कवीला द्यावे, त्याबरोबर छपाईची अंतिम फाइल आणि मुखपृष्ठाची फाइल द्यावी, आणि उरलेल्या प्रती रद्दीत न घालता त्याला विचारून त्याच्या गावच्या वाचनालयात पोहोचत्या कराव्यात. दुसऱ्या प्रकाशकाने ते पुस्तक घेतले तर आपल्याकडची वर्गणीदारांची यादी पाहून त्यांना तसे कळवावे.